पाच कात्र्या

शेवटचं वाक्य वाचून वहिनीनं हातातले कागद टेबलावर ठेवले, आणि या घरात सहसा न घडणारी गोष्ट घडली. कोणीच काही बोललं नाही.

मामांनी दादाकडे पाहिलं. दादानं छताकडे पाहिलं. धाकटीनं एक बिस्किट तोंडात टाकलं आणि दातांच्या डॉक्टरला मुळीच शोभणार नाही अशा आवाजात चावलं. आई चष्मा पुसत होती. टेबलाच्या टोकाला बसलेली लेखिका, घरातली मधली मुलगी, एकेकाचा चेहरा चाचपून बघत होती आणि आपण बघत नाही असं दाखवत होती.

“छान वाचलंस हो सूनबाई,” शेवटी आई म्हणाली. “झोप नाही आली.”

हे कौतुकच होतं. वहिनी भूलतज्ज्ञ. तिचा आवाज ऐकून पेशंट इंजेक्शनच्या आधीच निम्मे झोपतात, असं दादाचं म्हणणं. स्वतः दादा हे सांगताना निम्म्यातच हसायला लागायचा, त्यामुळे ऐकणाऱ्याला विनोदाचा शेवट बहुतेक वेळा अंदाजानंच लावावा लागे.

नाटकाचं नाव होतं ‘पूल’. बाबा गेल्यानंतरचं हे पहिलंच वाचन. वाचन नेहमीसारखं दादाच्या जेवणाच्या टेबलावर, चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. रविवार म्हणून दुकान बंद. दादा खालून तयार चष्म्यांची पेटी घेऊन आला होता, आणि ज्याला जो लागला तो नाकावर चढवून सगळे बसले होते. मामांच्या वाट्याला बायकांची फ्रेम आली होती. ती त्यांना शोभत होती, पण हे त्यांना सांगायची कोणाची हिंमत नव्हती.

कात्र्यांचा नियम बाबांनी घातलेला. लेखिकेच्या पहिल्या कादंबरीत एक मोठा भाऊ होता, जो आपल्याच विनोदावर आधी हसायचा. पुस्तक बाजारात आलं आणि दुकानात येणारं गिऱ्हाईक दादाकडे बघून गालातल्या गालात हसू लागलं. दादानं बहिणीशी बोलणं टाकलं. तेव्हा बाबांनी सगळ्यांना बसवून सांगितलं: यापुढे जे काही लिहिशील ते आधी घरात वाचायचं. घरातल्या प्रत्येकाला एक कात्री. म्हणजे एक वाक्य काढून टाकायचा हक्क. का, हे कोणी विचारायचं नाही. नवं वाक्य सुचवायचं मात्र नाही, नाहीतर या घरात सगळेच लेखक होऊन बसतील.

तेव्हापासून लेखिकेच्या नावावर जे काही छापलं गेलं त्यात थोडी थोडी भोकं होती. मामांनी दोन नाटकांतून घोरणं काढलं होतं. वहिनीनं एका सुनेचा अस्ताव्यस्त फ्रिज काढला होता. धाकटीनं तर ‘ती तिच्या बहिणीपेक्षा उंच होती’ हे साधं वाक्य काढलं होतं, आणि ते दोन खलाशांच्या गोष्टीत होतं. आईनं आपली कात्री कधीच चालवली नव्हती. “लिहू दे की पोरीला,” एवढंच म्हणायची आणि चहा टाकायला उठायची.

बाबांची कात्री मात्र दर वेळी एकाच जातीच्या वाक्यावर चालायची. कोणीतरी घर सोडून प्रवासाला निघालं की बाबा म्हणायचे, “हे काढ.”

दुसऱ्या कादंबरीनंतर आणि तिसऱ्या नाटकानंतर लेखिका या सगळ्याला इतकी विटली की भाषांतराकडे वळली. भाषांतराला कात्री नव्हती. “त्यात आपलं कोणी नाही,” असं दादानं जाहीर केलं होतं. दहा वर्षं ती परक्या घरांतली भांडणं आपल्या भाषेत आणत राहिली. ते ती फार नेकीनं करायची. मूळ लेखकाला पानंच्या पानं प्रश्न पाठवायची. तुमच्या नायिकेनं बादली कुठल्या हातात धरली होती, इथपर्यंत. एका म्हाताऱ्या कादंबरीकारानं वैतागून उलट कळवलं होतं, “बाई, ते तुम्ही तिलाच विचारा!” बक्षिसं मिळाली, नाव झालं. मग एका समीक्षकानं लिहिलं की ही बाई उत्तम भाडेकरू आहे. दुसऱ्यांच्या घरात इतकी नीट राहते की तिचं स्वतःचं घर होतं याचा तिला विसर पडला असावा. ते वाक्य तिला इतकं लागलं की त्याच आठवड्यात तिनं ‘पूल’ लिहायला घेतलं.

उद्यापासून तालमी होत्या. दिग्दर्शिकेनं साफ सांगितलं होतं: बाकी नाटक ठीक आहे, पण मी ते घेतेय ते शेवटच्या भाषणासाठी. ते भाषण गेलं तर मीही गेले.

“आता चहा,” दादा उठत म्हणाला. वाचन आणि कात्र्या यांच्यामध्ये चहा, हाही बाबांचाच नियम. “मी टाकतो.”

दादा चहा टाकतो म्हणाला तेव्हाच काहीतरी शिजतंय हे लेखिकेनं ओळखायला हवं होतं.

स्वयंपाकघरात दादानं दार लोटून घेतलं. वहिनी, धाकटी आणि मामा त्याच्यामागून आत आले होते. चौघांना तिथं उभं राहायला जेमतेम जागा होती, त्यामुळे कारस्थान अगदी जवळून झालं.

“आधी मला सांगा,” धाकटी म्हणाली, “हे खरं आहे का? बाबा पूल बांधायला गेले नव्हते?”

मामांनी डोळ्यांवरची बायकी फ्रेम काढून खिशात ठेवली.

घरातली जुनी गोष्ट अशी होती: धाकटी पाळण्यात होती तेव्हा बाबा एका हिवाळ्यात लांबच्या नदीवर पूल बांधायला गेले होते. दादानं तो पूल शाळेत इतका मिरवला होता की वर्गानं त्याचं नावच पूल ठेवलं होतं. आणि नाटकात असं होतं की पूल नव्हताच. नवरा एक दिवस घरातून निघून गेला होता, दुसऱ्या गावी खोली घेऊन राहिला होता, आणि हिवाळा संपल्यावर परत आला होता. पूल बायकोनंच मुलांसाठी रचला होता, आणि शेवटच्या भाषणात ती नवऱ्याला तेच सांगते.

“मामा,” दादा दबक्या आवाजात म्हणाला, “तिला हे कोणी सांगितलं?”

“मी काय मुद्दाम सांगितलं का?” मामा म्हणाले. “तिनं नुसतं विचारलं, बाबा नेहमी प्रवासाचंच वाक्य का काढायचे? मग बोलता बोलता आलं.”

“आयुष्यभर विमा विकलात. लोकांची दुखणी पोटात ठेवलीत. आणि घरातली एक गोष्ट राहिली नाही?”

“लोकांच्या दुखण्यांचं कमिशन होतं,” मामा म्हणाले.

“बरं, ते जाऊ दे.” दादानं चार बोटं वर केली, मग पाचवंही. “शेवटचं भाषण पाच वाक्यांचं आहे. मी मोजली. आणि आपण किती? तू, मी, ही, मामा आणि आई. पाच कात्र्या. प्रत्येकानं एकेक वाक्य काढलं की भाषण गायब. नियमात बसतं. कोणी का म्हणून विचारायचं नाही.”

“म्हणजे तिचं नाटकच गायब,” वहिनी म्हणाली.

“नाटक भाषणाच्या आधीही होतंच की. नवरा परत येतो, बायको दार उघडते, पडदा. छान आहे.”

“तुला नाटकातलं काय कळतं?”

“आईचं कळतं,” दादा म्हणाला. आता तो हसत नव्हता. “पन्नास लोकांच्या नाही, पाचशे लोकांच्या समोर कोणीतरी बाई आई होऊन उभी राहणार, आणि म्हणणार की माझा नवरा मला टाकून गेला होता. आईनं इतकी वर्षं हे झाकलं. आता या वयात ते उघडं पडायचं का?”

चहाला उकळी आली. मामांनी आधी मान हलवली. जीभ सैल सोडल्याबद्दल त्यांना प्रायश्चित्त हवंच होतं. वहिनी म्हणाली, बघते. धाकटी चहा गाळू लागली.

“पण आई कात्री चालवत नाही,” मामांनी आठवण करून दिली.

“आईला मी बघतो,” दादा म्हणाला आणि कप ट्रेमध्ये मांडू लागला. त्यातल्या त्यात चांगला कप त्यानं लेखिकेसाठी ठेवला. पाठीत सुरा खुपसायचा म्हटलं तरी तो भावाच्या हातानं जरा बेतानंच खुपसला गेला पाहिजे.

धाकटीनं तो चांगला कप उचलला आणि बाल्कनीत ताईला नेऊन दिला. खालच्या रस्त्यावर दुकानाची पाटी होती, तिच्यावर रंगवलेला भलामोठा डोळा, आणि तो सरळ वर बाल्कनीकडे बघत असल्याचा भास व्हायचा.

“दादा तुझं भाषण कापतोय,” धाकटी म्हणाली. “पाचही वाक्यं. आम्ही पाच जण मिळून.”

लेखिकेचा कप वाटेतच थांबला. “आणि तू?”

“माझं ठरलं नाही. मला तुझा राग आलाय.” धाकटीचे डोळे भरून आले, ते तिला आवडलं नाही. “माझ्या बापाची गोष्ट मला वहिनीच्या तोंडून, बिस्किट खाता खाता कळावी? आधी येऊन सांगता येत नव्हतं?”

“सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, लिहू नकोस.”

“म्हणाले असते. तरी तू लिहिलंच असतंस. पण मला विचारलं होतंस, एवढं तरी राहिलं असतं ना?”

लेखिकेनं कप कठड्यावर ठेवला. तिला वाईट वाटलं, आणि आपण पुन्हा तेच केलं असतं हेही तिला माहीत होतं. “हे भाषण गेलं तर माझ्याकडे काही नाही गं,” ती म्हणाली. “दहा वर्षांत माझं असं एवढंच लिहिलंय. पाच वाक्यं.”

“तोंड तरी असं करू नकोस. दाढ उपटल्यासारखं,” धाकटी म्हणाली आणि आपल्या ओढणीच्या टोकानं दोघींचेही डोळे पुसले. आधी स्वतःचे, मग ताईचे. “नियम मोड. सरळ नाही म्हण.”

“बाबांचा नियम आहे.”

“बाबांनीच तर कापाकापी केली सगळ्यात जास्त.”

“म्हणूनच मोडवत नाही,” लेखिका म्हणाली.

आत दादा आईच्या शेजारची खुर्ची ओढून बसला होता. आई चहात बिस्किट बुडवून ते नेमक्या क्षणी वर काढत होती. या कामात ती कधी चुकल्याचं कोणाला आठवत नाही.

“आई, या वेळी तू पण कात्री चालव.”

“मी? कशाला?”

“गंमत म्हणून. शेवटच्या भाषणातलं तिसरं वाक्य आहे ना, ते काढ. ते जरा लांबलंय.”

आईनं त्याच्याकडे पाहिलं. मग टेबलावरचं शेवटचं पान ओढून घेतलं आणि वाचू लागली. दादा तिच्याकडे बघत राहिला. कॉलेजात असताना तो एकदा त्या नदीवर गेला होता, कोणालाही न सांगता, बसनं. त्याला बाबांचा पूल बघायचा होता. नदी होती. पूल नव्हता. एक नाव होती, आणि नावाड्यानं विचारलं होतं, पलीकडे यायचंय का? दादा काठावर बराच वेळ बसला आणि आल्या बसनं परत गेला. घरी येऊन त्यानं आईला सांगितलं की पिक्चर बघायला गेलो होतो. तेव्हापासून आपल्याला खरं माहीत आहे हे आईला कळू नये म्हणून तो तो पूल सांभाळत होता.

“तिसरं ना?” आई म्हणाली. “बरं.”

सगळे पुन्हा टेबलाभोवती बसले. लेखिकेनं लाल पेन्सिल पुढ्यात ठेवली. कात्र्या धाकट्यापासून सुरू व्हायच्या, म्हणजे मोठ्यांचं बघून लहानांनी आपलं मत बदलायला नको. पण धाकटी तोंड उघडणार तोच आई म्हणाली, “आज मी आधी.”

मामा दचकले. “अक्का, तू?”

“का? मला नाही का कात्री?” आईनं पान डोळ्यांजवळ नेलं. “शेवटच्या भाषणातलं तिसरं वाक्य. ‘रोज संध्याकाळी खिडकीत उभी राहून मी तुमची वाट पाहिली.’ हे काढ.”

लेखिकेनं पेन्सिल उचलली. पाचातलं हे तिला सगळ्यात जवळचं. ते लिहून झालं तेव्हा ती एकटीच रडली होती. पण नियम म्हणजे नियम. तिनं रेघ ओढली. दादानं सुटकेचा निःश्वास सोडला.

“का ते विचारायचं नाही, नाही का?” आई म्हणाली.

“नाही,” दादा घाईनं म्हणाला.

“मग मीच सांगते. खोटं आहे ते.”

दादानं पान ओढून ते वाक्य पुन्हा वाचलं.

“मी वाटबिट काही पाहिली नव्हती,” आई म्हणाली. “पहिला आठवडा रडले. खोटं कशाला बोलू? मग खालच्या मजल्यावरच्या टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवायला जायला लागले. हिला टोपलीत घालून न्यायची मशीनशेजारी. खडखडाटात गाढ झोपायची ही.”

“म्हणून मला ड्रिलच्या आवाजात बरं वाटतं,” धाकटी पुटपुटली.

“संध्याकाळी मी खिडकीत कशाला उभी राहू? खिडकीत माझी ओली साडी असायची. रात्री ब्रेड आणि ऑम्लेट. चौघं एका पलंगावर आडवी. इतकी झोप मला ना आधी लागली ना नंतर. आणि एक दिवस बेल वाजली, दारात हे उभे. तेव्हा पहिल्यांदा मनात काय आलं सांगू? की झालं, आता परत भाजी करावी लागणार.”

वहिनी आधी हसली, मग तोंडावर हात ठेवला. मामा रुमाल शोधू लागले.

“मग आनंदही झाला,” आई म्हणाली. “नाही असं नाही. माणूस चांगला होता, तुम्हाला माहीतच आहे. घाबरला होता, पळाला होता, आला. पण हिनं मला खिडकीत उभं केलंय, बिचारी करून. बाकी तिचं सगळं बरोबर आहे. पूल मीच बांधला, ते बरोबर आहे.”

“आई,” दादा म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा आला. “मी गेलो होतो त्या नदीवर.”

“माहीत आहे. पँटला चिखल होता. पिक्चरच्या थिएटरात एवढा चिखल कुठून येणार?”

“मग बोलली का नाहीस?”

“तू मला जपत होतास. म्हटलं, जपू दे.” आईनं त्याच्या हातावर हात ठेवला. “आणि पूल काही मी एकटीनं नाही बांधला. तू रोज विचारायचास, आई, कमानी किती? मी म्हटलं, बारा.”

“चौदा,” दादा म्हणाला.

“आधी बारा होत्या. तू शाळेत चौदा सांगून आलास, मग मी दोन वाढवल्या.”

दादानं तोंड फिरवलं. त्याला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि दोन्हींसाठी त्याच्याकडे तोंड एकच होतं. इतकी वर्षं आपण आईसाठी पूल सांभाळला असं त्याला वाटत होतं. सांभाळत होती ती.

“चल, तुझी कात्री,” लेखिका धाकटीला म्हणाली.

“पहिल्या अंकात पाळण्यातलं बाळ ‘किरकिरं’ आहे असं म्हटलंय,” धाकटी म्हणाली. “ते काढ.”

वहिनीनं एका ओट्याचं वर्णन काढलं. मामांनी नाटकातल्या मामाचं ‘याच्या पोटात काही राहत नाही’ हे वाक्य काढलं, आणि कोणी का म्हणून विचारलं नाही. मग सगळे दादाकडे बघू लागले.

“माझी राहू दे,” दादा म्हणाला. “पुढच्या वेळी दोन घेईन.”

“साठवता येत नाहीत,” धाकटी म्हणाली.

“मग वाया गेली.”

लेखिकेनं शेवटचं पान पुढ्यात घेतलं. आता भाषण चार वाक्यांचं होतं, आणि तिसऱ्याच्या जागी लाल रेघ. ती रेघ तिला नकोशी वाटली नाही. नकोसं वाटलं ते दुसरंच. परक्या देशातल्या बायकांच्या बादल्यांसाठी तिनं पानंच्या पानं खर्ची घातली होती. मामांना विचारलं होतं. आणि जिच्या तोंडी ही पाच वाक्यं घातली, ती दर रविवारी याच टेबलावर समोर बसून चहात बिस्किट बुडवत होती.

“लिहितानाच माझ्याकडे आली असतीस तर एक कात्री वाचली असती,” आई म्हणाली. रागानं नव्हे. नुसतं, बिस्किटाचा डबा बंद करता करता.

“आता विचारू?”

“नवं वाक्य सुचवायचं नाही, असा नियम आहे,” मामांनी टोकलं.

“आई सुचवत नाहीये, मामा,” दादा म्हणाला. “ती उत्तर देतेय. गप्प बसा तुम्ही.” आणि त्यानं पेटीतून लेखिकेच्या नंबरचा चष्मा काढून तिच्या पुढ्यात ठेवला.

लेखिका खुर्ची ओढत आईजवळ गेली, इतकी जवळ की दोघींचे गुडघे टेकले. तालीम उद्या सकाळी होती, आणि तिला त्याची मुळीच घाई वाटत नव्हती.

“आई,” ती म्हणाली, “त्या दिवसांत संध्याकाळी तू काय करायचीस गं?”

आईनं डोळ्यांवरचा चष्मा काढला, सगळ्यांकडे एकवार पाहिलं, आणि सांगायला सुरुवात करायच्या आधीच हसायला लागली.